अंग आणि प्रधान : जमिनीवरचे बळ, पाण्यातील गती

जलतरणपटूने कोरड्या जमिनीवर वजने उचलून, पुल-अप्स काढून किंवा रबरी पट्टे ओढून कमावलेले बळ पाण्यात उतरल्यावर त्याच्या कामी येते का, हा प्रश्न सकृद्दर्शनी निव्वळ क्रीडाशास्त्राचा वाटतो आणि त्याचे उत्तर घड्याळाने द्यावे अशी अपेक्षा असते. परंतु त्याच्या मुळाशी असलेली शंका फार जुनी असून भारतीय आणि युरोपीय अशा दोन्ही तत्त्वपरंपरांनी ती निरनिराळ्या निमित्तांनी हाताळलेली आहे. एका कर्माची तयारी म्हणून केलेले दुसरे कर्म पहिल्याला नेमके काय देते, कोणत्या वाटेने देते, आणि काहीच देत नसेल तर ते कशाच्या आधारावर चालू ठेवायचे, अशी ती शंका आहे. जप, उपवास, आसन, तीर्थाटन या साधनांनी साध्य खरोखरच जवळ येते की केवळ साधनेतली तरबेजी वाढते, हा धर्मजिज्ञासूला छळणारा प्रश्नही याच जातीचा होय. यज्ञकर्माचा विचार करताना पूर्वमीमांसेने या प्रश्नाची जी चिकित्सा केली तिच्याइतकी बारीक चिकित्सा अन्यत्र क्वचितच आढळते, आणि जलतरणाच्या प्रशिक्षणात या व्यायामांविषयी जो गोंधळ आहे तो सोडवण्यासाठी तीच सर्वांत उपयोगी पडते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

युरोपीय तत्त्वज्ञानात पोहण्याचा दाखला बहुधा जमिनीवरच्या तयारीच्या विरोधातच दिला गेला आहे. ज्ञान मिळवायला निघण्यापूर्वी ज्ञानशक्तीची परीक्षा करून घेतली पाहिजे, या कांटच्या आग्रहाची हेगेलने थट्टा केली ती अशी, की पोहायला आल्याखेरीज पाण्यात पाऊल टाकायचे नाही असा निश्चय करणाऱ्या पंडितासारखाच हा आग्रह आहे. हा पंडित मूळचा 'फिलोगेलोस' या प्राचीन ग्रीक विनोदसंग्रहातला. बेर्गसाँने १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या सर्जक उत्क्रांतीवरील ग्रंथात हाच मुद्दा गंभीरपणे मांडला : तर्काच्या आधारे पाहिले तर पोहणे शिकणे अशक्यच ठरते, कारण शिकण्यासाठी पाण्यावर तरंगावे लागते आणि तरंगण्यासाठी आधी पोहता यावे लागते, हे वर्तुळ विचाराने तुटत नाही, उडी घेतल्यानेच तुटते. पुढे १९६८ मध्ये देल्यूझने असे म्हटले, की शिक्षकाने वाळूवर करून दाखवलेल्या हालचालींचा लाटेच्या हालचालींशी काही संबंध नसतो आणि लाटेला उत्तर देणे लाटेतच शिकता येते. हे सगळे विचारवंत हवेत बोलत होते असे मात्र नाही. १९व्या शतकात युरोपातील लष्करी शिक्षणात सैनिकांना स्टुलावर पालथे झोपवून हुकमाबरहुकूम हातपाय मारायला लावण्याची कवायत खरोखरच चालत असे.

महाराष्ट्रातील खेड्यांत पोहणे शिकवण्याची जी रीत होती ती बेर्गसाँच्या पक्षाला पोषक आहे. वाळलेल्या भोपळ्यांची सांगड मुलाच्या पाठीला बांधायची, कमरेला दोर अडकवायचा आणि त्याला विहिरीत सोडायचे, एवढाच तो अभ्यासक्रम. काठावर उभे राहून हात कसे मारायचे हे शिकवण्यात कोणी वेळ घालवीत नसे. भोपळा मुलाला पोहायला शिकवीत नाही, तो त्याला फक्त बुडू देत नाही, आणि बाकीचे शिकवण्याचे काम पाण्यावर सोपवलेले असते. येथवर हेगेल, बेर्गसाँ आणि विहिरीच्या काठावर दोर धरून बसलेला माणूस यांच्यात मतभेद नाही. परंतु हे तिघेही शिकण्याविषयी बोलत आहेत, बळाविषयी नव्हे, आणि ज्याला पोहता येते, इतकेच नव्हे तर उत्तम पोहता येते, त्याने पाण्याबाहेर काही करावे की नाही, या प्रश्नाला त्यांचे उत्तर लागू पडत नाही. कौशल्य जमिनीवर मिळत नाही म्हणून बळही जमिनीवर मिळत नाही, असे अनुमान काढणे ही उडी मात्र बेर्गसाँच्या उडीइतकी समर्थनीय नाही.

प्राचीन वैशेषिकांनी हा भेद ओळखला होता. प्रशस्तपादाच्या ग्रंथात 'संस्कार' या एकाच गुणाचे तीन प्रकार सांगितले आहेत : वेग, म्हणजे गतिमान वस्तूत राहणारा आणि तिला पुढे नेणारा गुण, स्थितिस्थापक, म्हणजे वाकवलेली फांदी सोडल्यावर तिला मूळ जागी आणणारा गुण, आणि भावना, म्हणजे अनुभवातून व पुनःपुन्हा केलेल्या अभ्यासातून आत्म्यात उरणारा व स्मृतीला कारण होणारा ठसा. पहिले दोन मूर्त द्रव्याचे आहेत, तिसरा केवळ आत्म्याचा. आधुनिक शरीरशास्त्राला आत्म्याची गरज वाटत नसली तरी विभागणी त्याच्याही उपयोगाची आहे, कारण स्नायूचा आकार व त्याची आकुंचनशक्ती ही द्रव्याच्या बाजूची बाब आहे आणि ती शक्ती कोणत्या क्षणी, कोणत्या दिशेने, कोणत्या क्रमाने वापरायची हे मज्जासंस्थेत मुरलेल्या ठशाच्या बाजूचे आहे. व्यायामशाळेत पहिली बाजू वाढते, आणि दुसरीही वाढते, पण ती व्यायामशाळेतील हालचालीपुरतीच. प्रशिक्षणशास्त्रात ज्याला विशिष्टतेचे तत्त्व म्हणतात, म्हणजे शरीर ज्या प्रकारच्या श्रमाला सामोरे जाते त्याच प्रकारच्या श्रमासाठी मुख्यतः तयार होते, त्याचे मर्म हेच आहे.

पाण्याचा स्वभाव पाहिला म्हणजे ही अडचण किती खोल आहे ते कळते. पुल-अप काढताना हातांनी धरलेला दांडा जागचा हलत नाही, त्यामुळे लावलेले सगळे बळ शरीर वर उचलण्यात जाते. फ्रीस्टाइलच्या ओढीतही वरवर पाहता हेच घडते, म्हणजे हात पुढे रोवला जातो आणि शरीर त्याच्यावरून पुढे सरकते. फरक इतकाच की येथे दांडा नाही, आणि हाताने धरलेले पाणी हाताच्या दाबानेच मागे निसटते. कोपर उंच ठेवून तळहात आणि कोपराखालचा हात एका पृष्ठासारखा उभा करायचा, निसटणाऱ्या पाण्यातून पकड निर्माण करायची आणि ती हरवू लागली की हाताचा कोन बदलून पुन्हा मिळवायची, हे काम दांड्यावर कधीच करावे लागत नाही, म्हणून दांडा ते शिकवू शकत नाही. शिवाय जमिनीवर पायांना किंवा पाठीला टेकण्यासाठी काहीतरी घट्ट असते. पाण्यात ते नसल्याने हाताने लावलेला प्रत्येक जोर धडाला वळवू पाहतो आणि तो पिळा पोटापाठीच्या स्नायूंनी सावरावा लागतो. त्यातच पाण्याचा विरोध वेगाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात, म्हणजे वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा तर शक्ती सुमारे तेहतीस टक्क्यांनी वाढवावी लागते. वाढलेल्या स्नायूंनी छातीखांद्यांचा घेर वाढवला तर पाण्याला अडणारे क्षेत्रही वाढते, आणि स्नायू चरबीपेक्षा जड असल्याने शरीर थोडे अधिक बुडते.

या विषयावरील प्रयोगांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत, आणि तेच बोलके आहे. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ डेव्हिड कॉस्टिल आणि त्यांचे सहकारी यांनी १९८२ मध्ये असे दाखवले, की कलत्या बाकावर पालथे पडून दोऱ्यांना जोडलेल्या पकडी पोहल्यासारख्या ओढायच्या यंत्रावर, म्हणजे स्विम बेंचवर, मोजलेली बाहूंची शक्ती आणि अगदी छोट्या अंतरावरचा पोहण्याचा वेग यांत फार निकटचा संबंध असतो. यावरून बाहू बळकट केले की वेग वाढेल असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु १९९३ मध्ये तानाका, कॉस्टिल आणि इतरांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चोवीस महाविद्यालयीन जलतरणपटूंचे दोन गट करून एका गटाला पोहण्याखेरीज आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, वजनांचे व्यायाम दिले, तेव्हा त्या गटाची उचलण्याची क्षमता पंचवीस ते पस्तीस टक्क्यांनी वाढली आणि पोहण्याच्या कामगिरीत मात्र दोन्ही गटांत फरक आढळला नाही. वर सांगितलेल्या घनाच्या हिशेबाने एवढी वाढ पुरतेपणी पाण्यात उतरली असती तर वेग सात-आठ टक्क्यांहून कमी वाढला नसता, आणि स्पर्धेत एका टक्क्यासाठी माणसे वर्षे घालवतात. याच्या उलट, १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या श्ट्रास यांच्या प्रयोगात थोड्या आवृत्त्यांचे, जड वजन झटक्याने उचलण्याचे व्यायाम दिल्यावर पंचवीस व पन्नास मीटरचा वेग काही टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. एकाच नावाखाली चालणाऱ्या व्यायामांपैकी एक फळतो आणि दुसरा फळत नाही, असे दिसल्यावर 'जमिनीवरचा व्यायाम उपयोगी आहे का' असा सरसकट प्रश्न विचारणेच चूक ठरते, आणि येथेच मीमांसकांची मदत लागते.

मीमांसेच्या परिभाषेत ज्या कर्माला स्वतःचे फळ असते ते 'प्रधान' आणि जे दुसऱ्यासाठी असते ते 'शेष' किंवा 'अंग'. जैमिनीने आपल्या मीमांसासूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात शेषाचे लक्षण परार्थता, म्हणजे दुसऱ्यासाठी असणे, एवढेच दिले आहे. अंग लहान असते, आधी केले जाते किंवा सोपे असते असे त्याने कोठेही म्हटलेले नाही. दर्शपूर्णमास या अमावास्या-पौर्णिमेच्या यागात पुरोडाशाच्या, म्हणजे पिठाच्या भाजलेल्या रोटाच्या, आहुती प्रधान आहेत, तर धान्य कांडणे, त्यावर पाणी शिंपडणे, 'प्रयाज' नावाच्या पाच पूर्वाहुती देणे ही अंगे आहेत. या अंगांचेही दोन वर्ग केलेले आहेत. कांडण्यासारखी अंगे प्रधानात वापरल्या जाणाऱ्या द्रव्यावरच काम करतात, म्हणून त्यांना 'संनिपत्योपकारक' म्हणतात. प्रयाजासारखी अंगे कोणत्याही द्रव्याला हात न लावता दुरून साहाय्य करतात, म्हणून ती 'आरादुपकारक'. हे विवेचन मराठी वाचकाला परके वाटण्याचे कारण नाही, कारण या शास्त्रात प्रवेश करू इच्छिणारे आजही ज्या ग्रंथांपासून आरंभ करतात त्यांपैकी 'मीमांसान्यायप्रकाश' लिहिणारा आपदेव हा पैठणच्या एकनाथांच्या वंशातला मानला जातो, आणि 'मीमांसाकोश' हा अवाढव्य ग्रंथ वाईच्या केवलानंद सरस्वतींनी सिद्ध केला.

यज्ञाचे फळ अदृष्ट असते आणि शर्यतीचे घड्याळावर दिसते, मग यज्ञाचे नियम शर्यतीला कसे लावायचे, हा आक्षेप येथे कोणीही घेईल. त्याचे उत्तर मीमांसकांनीच देऊन ठेवले आहे : जेथे दृष्ट प्रयोजन सापडते तेथे अदृष्टाची कल्पना करायची नाही. धान्य कांडण्याचे प्रयोजन भुसा निघणे हे डोळ्यांना दिसते, म्हणून कांडणे ही गूढ क्रिया मानायची नाही. भुसा नखांनी सोलूनही निघेल, मग कांडण्याचाच विधी का, या प्रश्नावर त्यांनी असे म्हटले की तेथे प्रयोजन दृष्टच आहे, मात्र अनेक उपायांपैकी हाच उपाय घ्यावा या नियमापुरते अदृष्ट मानायचे. आणि याहून महत्त्वाचा आहे तो दहाव्या अध्यायातील 'बाध', म्हणजे एका यागातील अंगे त्याच्या नमुन्यावर बेतलेल्या दुसऱ्या यागात नेताना काही अंगे गळून पडण्याचा विचार. दीर्घायुष्य इच्छिणाऱ्यासाठी सांगितलेल्या एका इष्टीत धान्याच्या जागी सोन्याचे गुंजेएवढे मणी वापरतात. मूळ यागात धान्य कांडायचे असते, म्हणून येथे सोन्याचे मणी कांडायचे का? मीमांसक म्हणतात, नाही. सोन्याला भुसा नसतो, कांडण्याचे प्रयोजनच उरले नाही, म्हणून कांडणे गळाले. शतकानुशतके चालत आलेली क्रियाही प्रयोजन संपले की सोडून द्यायची, असे सांगणारे हे शास्त्र कर्मठपणाचे समर्थक म्हणून ओळखले जावे, हा त्याच्यावरचा अन्याय आहे.

तानाका-कॉस्टिल यांच्या प्रयोगातील वजने ही सोन्याचे मणी कांडण्याची आधुनिक आवृत्ती म्हणता येईल. बळकट आणि निष्णात पोहणाऱ्याच्या ओढीत जी उणीव होती ती बहुधा स्नायूच्या कमाल ताकदीची नव्हती. ती पकड टिकवण्याची, पाण्याचा विरोध कमी ठेवण्याची किंवा दमल्यावरही हालचाल न बिघडू देण्याची असावी, आणि नसलेला भुसा कितीही कांडला तरी निघत नाही. याच नियमाची दुसरी बाजू अशी, की जेथे भुसा आहे तेथे कांडलेच पाहिजे. शर्यतीत जलतरणपटू ज्या क्षणी खरोखर घट्ट आधारावर असतो, म्हणजे स्टार्टिंग ब्लॉकवरून झेप घेताना आणि टर्नच्या वेळी भिंतीला पाय टेकून शरीर लोटताना, त्या क्षणी तो जमिनीवरच असतो. तेथे पायांचा झटका जमिनीवरच्या उडीपेक्षा फारसा वेगळा नसतो, आणि बैठका, वजन घेऊन मारलेल्या उड्या यांचे बळ तेथे जवळजवळ थेट वापरता येते. पन्नास मीटरच्या तलावात पन्नास मीटरच्या शर्यतीत टर्न नसतो, पण झेप असते, आणि झेपेचा व त्यापाठोपाठ पाण्याखालून जाण्याचा भाग फ्रीस्टाइल, बटरफ्लाय व बॅकस्ट्रोक या प्रकारांत जास्तीत जास्त पंधरा मीटरपर्यंत लांबवता येतो, म्हणजे एकूण अंतराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शापर्यंत. कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांनी २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ज्या पन्नास मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवले तो असाच प्रकार आहे. उलट पंधराशे मीटर पोहणाऱ्याच्या बाबतीत झेपेचा वाटा इतका अल्प असतो की त्याने झेपेच्या बळासाठी झिजणे व्यर्थ होय. एकाच तलावातील दोन पोहणाऱ्यांना एकच व्यायामपत्रक देणारा प्रशिक्षक बाधाचा विचार न करता अंगे एका यागातून दुसऱ्यात जशीच्या तशी नेत असतो.

अंगाच्या फळाविषयीचा मीमांसेचा निर्णय याहूनही कठोर आहे. 'जुहू' नावाची आहुती देण्याची पळी पळसाच्या लाकडाची असावी असे सांगून, ज्याची जुहू पळसाची असेल त्याच्या कानांवर वाईट वार्ता येत नाही, अशा अर्थाचे एक वचन वेदात येते. मग पळसाची पळी हे वार्ता टाळण्याचे स्वतंत्र साधन मानायचे का? जैमिनीने चौथ्या अध्यायात असे ठरवले की द्रव्य, संस्कार आणि अंगभूत कर्मे ही परार्थ असल्यामुळे त्यांच्याबाबत सांगितलेले फळ हा 'अर्थवाद' असतो, म्हणजे प्रवृत्त करण्यासाठी केलेली स्तुती. खरे फळ एकच, प्रधानाचे. व्यायामशाळेत वाढत्या वजनाचा आकडा, आरशात दिसणारे खांदे, एका दमात काढलेल्या पुल-अप्सची संख्या ही सगळी अशीच फलश्रुती आहे. ती निरुपयोगी नाही, कारण स्तुतीखेरीज माणूस कष्टाला प्रवृत्त होत नाही, हे मीमांसकांनाही ठाऊक होते; पण तिला फळ समजले की अंग प्रधानाच्या जागी बसते. पंचवीस ते पस्तीस टक्क्यांची ती वाढ ज्याला दिसली आणि घड्याळ ज्याने पाहिले नाही, त्याने प्रयोग यशस्वी झाला असेच म्हटले असते.

याच चौथ्या अध्यायात 'क्रत्वर्थ' आणि 'पुरुषार्थ' असा भेद येतो. क्रत्वर्थ म्हणजे कर्म सिद्धीस नेण्यासाठी असलेले आणि पुरुषार्थ म्हणजे ते कर्म करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या हितासाठी असलेले. यज्ञात पाणी आणायचे ते एरवी 'चमस' या लाकडी पात्रातून. परंतु पशुधनाची इच्छा असलेल्या यजमानाने ते दूध काढण्याच्या भांड्यातून, गोदोहनातून, आणावे. येथे भांडे यज्ञाच्या कामातच वापरले जाते, पण त्याचे फळ यज्ञाला मिळत नाही, यजमानाला मिळते. जमिनीवरच्या व्यायामांच्या चर्चेत हा भेद न पाळल्यामुळे फार घोटाळा झाला आहे. फ्रीस्टाइल पोहणारा सरावात सहा किलोमीटर पोहला तर त्याचे हात पाच हजारांच्या आसपास वेळा पाण्यातून फिरतात, आणि या फिरण्यात खांदा आत वळवणारे स्नायू बलवान होत जातात, तर तो बाहेर वळवणारे स्नायू मागे पडतात; या असमतोलातून खांद्याचे दुखणे जडते. रबरी पट्टा दाराच्या मुठीला बांधून, कोपर कमरेशी चिकटवून, हात हळूहळू बाहेर नेण्याचा साधा व्यायाम या दुखण्याला आवर घालण्यासाठी असतो. तसेच पाणी शरीराचे वजन पेलत असल्याने हाडांवर जो भार पडायला हवा तो पोहण्यात पडत नाही, आणि धावणे-उड्या मारणे या खेळांतील खेळाडूंच्या तुलनेत जलतरणपटूंच्या हाडांची घनता कमी आढळते. वाढत्या वयाच्या मुलामुलींना उड्या आणि वजने देण्याचे हे पुरेसे कारण आहे. या व्यायामांनी वेग एक शतांश सेकंदानेही वाढला नाही तरी ते सोडायचे नाहीत, कारण ते क्रत्वर्थ नव्हेत. वेगाच्या कसोटीवर त्यांना नापास करणारा संशोधक आणि वेग वाढतो असे सांगून ते खपवणारा प्रशिक्षक, दोघेही एकच चूक करतात.

एकच गोष्ट दोन्ही प्रकारची असू शकते का? मीमांसेत याला होकारार्थी उत्तर आहे, पण अटीसह. नित्य अग्निहोत्रात दह्याची आहुती सांगितली आहे आणि इंद्रियबल इच्छिणाऱ्यासाठीही दह्याचीच आहुती सांगितली आहे. दही एकच असले तरी दोन वेगळी वचने असल्यामुळे ते दोन्ही ठिकाणी लागू होते. अट अशी की प्रत्येक नात्याला स्वतंत्र प्रमाण हवे, एका नात्याचे प्रमाण दुसऱ्याला उसने देता येत नाही. पुल-अपने खांद्याची ठेवण सुधारते हे सिद्ध झाले म्हणून त्याने ओढीचा वेग वाढतो हे सिद्ध होत नाही. अंग आणि प्रधान यांचे नाते ठरवणाऱ्या सहा प्रमाणांच्या उतरंडीत मीमांसकांनी 'समाख्या', म्हणजे निव्वळ नावाचा सारखेपणा, सर्वांत खाली ठेवली आहे, आणि स्विम बेंचच्या बाबतीत प्रशिक्षक नेमके त्याच दुबळ्या प्रमाणावर विसंबतात. नावात पोहणे आहे, हाताची वाटही पोहण्यासारखी दिसते, पण दोरीचे टोक घट्ट आहे आणि पाणी निसटते आहे.

अंग प्रधानापासून सुटून स्वतःच प्रधान होण्याचे उदाहरण महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढेच आहे. मल्लखांब हा नावाप्रमाणे मल्लांचा खांब. कुस्तीगिराची पकड, लवचीकपणा आणि दम वाढावा यासाठी असलेला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी त्याचे पुनरुज्जीवन केले, आणि आज एरंडेल चोळलेल्या त्या खांबावर चढणाऱ्या मुलीने कधी कुस्ती खेळलेली नसते आणि खेळण्याचा तिचा विचारही नसतो. यात वावगे काही नाही, कारण मल्लखांबाला आता स्वतःचे नियम, स्वतःचे परीक्षक आणि स्वतःचे फळ आहे. त्याच्यासाठी वेगळा विधी निर्माण झाला. वावगे तेव्हा होते जेव्हा वेगळा विधी नसताना अंग प्रधानासारखे वागू लागते, म्हणजे तलावाच्या नावाने भरवलेले शिबिर प्रत्यक्षात वजने उचलण्याचे शिबिर होते.

धर्मसाधनेतील मूळ प्रश्नही या चौकटीत नीट बसतो. शंकराचार्यांच्या मते कर्म हे ज्ञानाचे साक्षात साधन नव्हे. ते चित्त शुद्ध करते आणि शुद्ध चित्तात ज्ञानाची पात्रता येते, म्हणजे कर्म ज्ञानाला मदत करते ती ज्ञान ज्या अंतःकरणात व्हायचे त्यावर काम करून. वारकरी संतांनी व्रते, तीर्थे, उग्र तप यांना वारंवार गौण ठरवले, त्याचा अर्थ अनेकदा असा लावला जातो की त्यांनी साधनांचाच निषेध केला. परंतु नामस्मरणाचा, पंढरीच्या वारीचा आणि एकादशीचा आग्रह धरणाऱ्या परंपरेला साधनांचे वावडे होते असे म्हणणे फोल आहे. त्यांचा रोख फलश्रुतीला फळ मानणाऱ्यांवर होता, उपवासांची संख्या मोजणाऱ्यावर होता. बेर्गसाँ आणि हेगेल यांच्याहून संतांची ही भूमिका अधिक समतोल आहे, कारण ती तयारीला नाकारीत नाही, तिला परार्थ राहायला सांगते.

यातून प्रशिक्षकासाठी निघणारा व्यवहार सोपा आहे. आठवड्याच्या व्यायामपत्रकातील प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने आखावेत. पहिल्यात तो व्यायाम शर्यतीतील कोणत्या क्षणावर काम करतो ते लिहावे, म्हणजे झेप, टर्न, ओढीचा आरंभ किंवा धडाचा पिळा सावरणे, आणि दुसऱ्यात तो पोहणाऱ्याच्या शरीरातील कशाचे रक्षण करतो ते लिहावे, म्हणजे खांदा, कंबर, गुडघा किंवा हाडे. पहिल्या रकान्यातील व्यायामांची परीक्षा दर काही आठवड्यांनी त्या क्षणाचीच वेळ मोजून घ्यावी आणि स्पर्धा जवळ आली की ते कमी करावेत. दुसऱ्या रकान्यातील हलके व्यायाम स्पर्धेच्या आठवड्यातही चालू ठेवावेत. ज्या व्यायामापुढचे दोन्ही रकाने रिकामे राहतात तो कितीही जुना, कितीही दमवणारा आणि कितीही प्रसिद्ध जलतरणपटूचा आवडता असला तरी पत्रकातून काढून टाकावा.